नाण्यावरचा ओरखडा काय सांगतो?

जुने नाणे हाती आले की आपण प्रथम त्यावरचे राजाचे नाव शोधतो. ओरखडे दिसले की 'नाणे खराब झाले' असे म्हणून ते बाजूला ठेवतो. परंतु नाण्यावरची प्रत्येक जखम सारखी नसते. ती केव्हा व कशाने झाली, हे ठरविणे हाही नाणकशास्त्राचाच भाग आहे. त्यासाठी एक भिंग, तिरपा उजेड आणि तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : रेघ खोल आहे की उंच? उंच रेघ हा ओरखडा नव्हेच. टाकसाळीत ठशाला तडा गेला, की त्यात धातू शिरून नाण्यावर उंच रेघ उमटते. शिवराईवरची तुटकी अक्षरेही पुष्कळदा झिजलेली नसतात. चकती ठशापेक्षा लहान असल्याने ती मुळात उमटलेलीच नसतात.

दुसरा प्रश्न : खाच मुद्दाम केलेली आहे काय? आहत नाण्यांवर आणि मोगलकालीन रुपयांवर पारखणाऱ्या सराफांच्या बारीक खुणा आढळतात. राणीछाप रुपयाच्या कडेला डाग दिल्याची खूण असेल, तर तो दागिन्यात होता असे समजावे.

याचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभीचे. तेथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकून नहपानाचा मुखवटा विद्रूप केलेला होता. त्याने क्षहरातांचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. त्याला दुजोरा दिला तो या 'बिघडलेल्या' नाण्यांनी!

तिसरा प्रश्न : खाचेचा तळ कसा आहे? जुन्या खाचेत भोवतालच्यासारखाच काळसर वा हिरवट थर असतो. तळ चकाकत असेल, तर घाव ताजा, बहुधा कुदळीचा. आणि एकाच दिशेने गेलेल्या असंख्य बारीक रेघा दिसल्या, तर नाणे चिंच-राखेने घासले आहे हे निश्चित.

ही शेवटची इजा सर्वांत वाईट. कारण घासताना तो थरच निघून जातो, आणि जुनी खाच कोणती व नवी कोणती, हे सांगणारा साक्षीदारच नाहीसा होतो. तेव्हा घरच्या पेटीत जुने नाणे सापडले, तर ते कडेने धरावे, भिंगातून पाहावे, कोऱ्या कागदात ठेवावे. पण चकचकीत मात्र करू नये.