होडीचे मशीन घेताना: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

छोट्या होडीसाठी आउटबोर्ड मशीन घ्यायला गेलात की आधी दिसते ती दुकानातली किंमत. पण मशीनवर पैसा दोनदा जातो: एकदा घेताना आणि नंतर रोज टाकीत. बचत मोडण्यापूर्वी दोन्हींचा हिशेब मांडा.

फरक कशात आहे?

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळते. बऱ्याच मशीनना 50 लिटर पेट्रोलला 1 लिटर ऑइल लागते. नेमके प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत पाहा. हे मशीन हलके, साधे आणि स्वस्त असते. मात्र कार्ब्युरेटर असलेल्या टू-स्ट्रोकमध्ये थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जाते.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळे राहते आणि ठरावीक तासांनी बदलावे लागते. मशीन जड आणि महाग, पण पेट्रोल कमी पिते.

नमुना हिशेब

समजा, फोर-स्ट्रोक 45,000 रुपयांनी महाग आहे आणि पेट्रोल 100 रुपये लिटर आहे.

- टू-स्ट्रोक: दिवसाला 8 लिटर पेट्रोल, 800 रुपये. ऑइल 160 मिलि, 400 रुपये लिटरने 64 रुपये. एकूण 864 रुपये.
- फोर-स्ट्रोक: 6 लिटर पेट्रोल, 600 रुपये. ऑइल बदलण्याचा खर्च दिवसाला 50 रुपये धरू. एकूण 650 रुपये.

रोजची बचत 214 रुपये. 45,000 ला 214 ने भागले की साधारण 210 दिवस येतात. वर्षाला 200 दिवस होडी नेणाऱ्याचे जादा पैसे साधारण वर्षभरात सुटतात. वर्षाला 40 दिवसच नेणाऱ्याला मात्र पाच वर्षांहून थोडी जास्त लागतील. त्याला टू-स्ट्रोक परवडू शकते. या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे घाला.

कर्ज घेणार असाल तर

व्याजही धरा. 45,000 रुपये 10 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी घेतले, तर सुमारे 7,300 रुपये व्याज जाते. म्हणजे 210 ऐवजी जवळजवळ 245 दिवस.

केंद्राच्या आदेशानुसार मासेमारी बंदी पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून असते. कमाई थांबली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून हंगामात जास्त आणि बंदीत कमी असे हप्ते मिळतील का, हे सही करण्यापूर्वी शाखेत विचारा. किंवा हंगामातच दोन हप्ते बाजूला ठेवा.

किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही मिळते. ते इंधन, बर्फ अशा चालू खर्चासाठी वापरा. मशीनसाठी मुदत कर्ज घ्या. नाहीतर हंगामाच्या तोंडावर पेट्रोललाच पैसे उरणार नाहीत. अनुदान आहे का, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारा. अनुदान खात्यात येईपर्यंत ते हिशेबात धरू नका.

पैसे देण्यापूर्वी पाहा

1. त्या मशीनचा मिस्त्री आणि सुटे भाग तुमच्या बंदरात मिळतात का?
2. मशीन रोज उतरवून घरी न्यायचे असेल, तर वजन तुम्हाला झेपते का?
3. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड मिळते का?

लक्षात ठेवा: वर्षातले किती दिवस होडी पाण्यात जाते, हा आकडा आधी लिहा. मशीन त्यावरून ठरवा.