मान आणि भार



ख्रिस्ती नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे नव्हे. ज्याच्याकडे मान, हक्क किंवा पुढची जागा खरोखर आहे, त्याने ती दुसऱ्याच्या भल्यासाठी बाजूला ठेवणे, हा तिचा व्यवहारातला अर्थ. ज्याच्याकडे सोडण्यासारखे काहीच नाही त्याला नम्रतेचे धडे देणे हा बहुधा वरच्यांच्या सोयीचा उद्योग असतो, आणि चर्चच्या इतिहासात तो पुष्कळ झाला आहे. म्हणून हा विषय मुख्यतः ज्यांना न मागता पुढे बसवले जाते त्यांचा आहे: जुन्या घराण्यातले, शिकलेले, बोटीवरून किंवा आखातातून पैसा घेऊन आलेले, घरात एखादा फादर किंवा सिस्टर असलेले, आणि फेस्ताच्या कमिटीवर नव्याने गेलेले तरुण.

नव्या करारात हा विषय भावनांच्या भाषेत फारसा येत नाही. येशू शिष्यांचे पाय धुतो; त्या काळी ते घरातल्या गुलामाचे काम होते. मेजवानीत पाहुणे मानाच्या जागा धरताना पाहून तो शेवटच्या जागेवर बसण्याविषयी बोलतो. करिंथच्या मंडळीत सुखवस्तू लोक प्रभुभोजनाला आधी येऊन जेवून घेत आणि कष्टकरी उपाशी राहत. पौलाने त्यांची त्याबद्दल कडक कानउघाडणी केली. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्यांना दोष दिला आहे. फिलिप्पै ही तर रोमची वसाहत, तिथल्या लोकांना रोमी नागरिकत्वाचा मोठा अभिमान; त्याच गावाला पौल लिहितो की ख्रिस्ताने आपले देवपण कवटाळून न ठेवता दासाचे रूप घेतले. कोण कुठे बसतो, कोण आधी जेवतो, कोण कोणाच्या पायाशी वाकतो, अशा अगदी उघड्या गोष्टींवर ही शिकवण उभी आहे. मनातून आपण नम्र आहोत, या समजुतीला तिच्यात फारशी किंमत नाही.

याचे जवळचे आणि नीट नोंदलेले उदाहरण गोव्यात सापडते. संत जोसेफ वाझ १६५१ मध्ये बाणावलीत जन्मले. घराणे सांकवाळचे, ख्रिस्ती झालेले सारस्वत ब्राह्मण. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःला मारियेचा दास म्हणून लिहून दिले. जात, विद्या आणि धर्मगुरूचा झगा असे तिहेरी वजन असलेल्या माणसाने दास म्हणवून घेणे हा तेव्हाच्या गोव्यात अलंकारिक प्रकार नव्हता. खरे गुलाम घरोघरी राबत होते. दहा वर्षांनी त्या शब्दाची परीक्षाही झाली. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, किनाऱ्यावर डचांची सत्ता होती आणि कॅथोलिक धर्मगुरूंना तिथे बंदी होती. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात, जॉन नावाच्या सेवकासह तिकडे उतरले. प्रवासात जडलेल्या आजाराने ते खंगले होते. गळ्यात रोझरी घालून ते दारोदार भीक मागत आणि तिच्याकडे कोणाची नजर वळते यावरून लपून राहिलेले कॅथोलिक शोधत. तिथल्याच कँडी शहरात १६९२ मध्ये पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. वाझ आणि त्यांच्या नात्यातले फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. टाकून दिलेल्या रोग्यांना त्यांनी धुतले, भरवले, मेलेल्यांना पुरले.

वाझ यांच्या चरित्रातला सर्वांत उपयोगाचा भाग मात्र पदांविषयीचा आहे. कोचीनच्या बिशपांनी त्यांना सिलोनचे व्हिकार जनरल, म्हणजे आपले प्रतिनिधी, नेमले, ते त्यांनी स्वीकारले. त्यात वणवण होती, पत्रव्यवहार होता, जबाबदारी होती. पुढे बिशपपद देऊ केले तेव्हा ते नाकारले. दोन्ही निर्णयांमागे एकच कसोटी दिसते: भार घ्यावा, मान सोडावा. आपल्याकडे बहुतेकांचे नेमके उलट चालते. खुर्ची हवी असते आणि काम पुढे आले की ‘मी कुठला एवढा मोठा’ म्हणून अंग काढले जाते. ही दुसरी गोष्ट नम्रतेच्या नावाखाली सहज खपते, पण तो आळस असतो किंवा भीती. १६ जानेवारी १७११ रोजी वाझ कँडीत वारले. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले.

याच कथेला एक अडचणीची बाजू आहे आणि प्रवचनांतून ती सहसा गाळली जाते. वाझ १६८५ मध्ये जुन्या गोव्यातल्या ऑरेटरीत गेले. युरोपी धर्मसंघ देशी धर्मगुरूंना दारात उभे करत नव्हते, म्हणून गोव्याच्या फादरांनी स्वतः उभारलेला हा समुदाय होता. त्याचे दार मात्र ब्राह्मण फादरांपुरतेच उघडे राहिले. गोऱ्यांनी नाकारले त्याची जखम ताजी असतानाच त्यांनी आपल्या खालच्यांना नाकारले. एका माणसाची नम्रता कितीही खरी असली तरी त्याच्या संस्थेची मिजास तिने आपोआप उतरत नाही, असे यावरून म्हणावे लागते. संस्थेचे नियम वेगळे बदलावे लागतात.

सिंधुदुर्गातल्या कॅथोलिकांना हा जातीचा भेद परका नाही. त्यांतली पुष्कळ कुटुंबे जुन्या काळी गोव्यातूनच सावंतवाडी संस्थानात आणि किनाऱ्यावर आली. येताना कोकणी प्रार्थना, खुरीस (क्रूस) आणि लादाईन (सामुदायिक स्तोत्रप्रार्थना) आणली, तशीच बामण, चारोडी, सुदीर ही जातींची ओळखही आणली. गोव्याच्या काही गावांत कोंफ्रारीत (चर्चच्या बंधुसंघात) कोणी यावे, मिरवणुकीत तिचा ओपा-मुर्सा हा पोशाख कोणी घालावा, यावरून तंटे कोर्टापर्यंत गेले आहेत. फेस्ताचा खर्च उचलणारा प्रेजेंत त्या दिवशी मिरवतो. त्याची इच्छा चांगली असू शकते, पण ज्याला हा खर्च कधीच झेपणार नाही त्याचा नंबर कधीच लागत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढताना घराणे कोणी विचारत नाही. जाळ्याचा आणि होडीचा वाटा वेगळा निघतो हे खरे, पण दोरीला हात लावणारा प्रत्येक जण वाट्याचा धनी असतो. वाळूवर जे चालते ते इगर्जीच्या (चर्चच्या) पायऱ्यांवर अडावे, याला धर्मात काही आधार नाही.

जातीचा मान सोडणे किती अवघड आणि किती घरगुती गोष्ट आहे, हे मराठीत लक्ष्मीबाई टिळकांइतके मोकळेपणाने कोणी सांगितलेले नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि नंतर एकत्र आल्यावरही सोवळे सांभाळत होत्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या स्वतःवर हसत हसत हा सगळा गोंधळ सांगतात. जाती देवाने केल्या नाहीत हे त्यांना आधी मनातून पटले, मग कोणाच्याही हातचे खायला त्या तयार झाल्या, आणि बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यानंतर. कित्येक घरांत क्रम उलटा लागतो: बाप्तिस्मा चारशे वर्षांपूर्वीचा आणि सोयरीक जुळवताना मात्र अजून जातीची विचारणा. टिळकांनीही शेवटी मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा समुदाय उभा केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

तरुणाला रोजच्या वागण्यात करता येण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. देणगी दिली तर बाकावर नाव कोरायचा आग्रह धरू नये. कमिटीचे हिशेब विचारण्याआधीच वाचून दाखवावेत, कारण चूक दाखवणाऱ्याला बोलू देणे ही नम्रतेची सर्वांत कठीण पायरी आहे. प्रार्थनेत पुढे उभे राहणारा माणूस मांडव झाडतानाही दिसावा, आणि त्याचा फोटो निघू नये. अपमान गिळावा, पण तो स्वतःचा. दुसऱ्या दुबळ्याचा अपमान होत असताना गप्प राहणे याला नम्रता म्हणत नाहीत. स्तुतीला सारखे नाकारत बसणेही बरे नव्हे. त्यातून आणखी स्तुती मागितली जाते. एकदा ‘देव बरें करूं’ असे कोकणी आभार मानून विषय बदलावा.

संस्थेपुरते पाहायचे तर प्रेजेंतपद वाडीवार फिरते ठेवून खर्च सगळ्यांनी वाटून घेता येतो. वाचन आणि अर्पणे नेण्याचा मान पाळीने देता येतो. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्येच पुण्याच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याची गादी सावंतवाडीला आहे आणि रत्नागिरी व कोल्हापूर हे जिल्हेही त्यात येतात. किनाऱ्यावरची जुनी गोवेकर घराणी आणि घाटावरचे मराठी ख्रिस्ती एका बिशपाखाली आहेत, तेव्हा कोणाची रीत खरी हा वाद इथे सहज पेटू शकतो. आपली रीत आपल्याला प्रिय आहे, एवढे म्हणून थांबणे पुरते.

पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीत हे सगळे दरवर्षी डोळ्यांसमोर येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले. जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला: फक्त पुरुष निवडायची अट गेली आणि देवाच्या लोकांतल्या सर्व थरांतून, स्त्रिया, तरुण, म्हातारे, आजारी असे लोक घेता येऊ लागले. तरीही यादी कमिटी करते, आणि यादीत बहुधा कमिटीतल्यांचेच नातेवाईक असतात. ती करताना, ज्या वाडीतून आजवर कोणालाच बोलावलेले नाही तिथून सुरुवात करता येते.