प्लग काढला तरी झटका बसतो

प्रश्न : मी गिटार वाजवतो. जुन्या फेंडर चॅम्पसारखा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर अमेरिकन किटमधून जोडायचा आहे. सोल्डरिंग येतं. प्लग काढूनच काम केलं तर धोका नाही ना? आजोबांच्या रेडिओतले व्हॉल्व्ह चालतील का?
– एक वाचक, बऱ्हाणपूर

उत्तर : जरूर जोडा. सर्किट सोपं, व्हॉल्व्ह तीनच. आणि 5 वॅट ऐकून हिरमुसू नका, शेजारी दार ठोठावतील एवढा आवाज येतो!

गैरसमज आहे तो प्लगचा. आत 300 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवतात. हात घालण्याआधी दर वेळी मीटर लावा. व्होल्टेज दिसलं, तर 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटरचा प्लस आणि चेसिस यांच्यामध्ये लावा; काटा शून्यावर आला की मगच काम. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडणारे मेकॅनिक तुम्ही पाहिले असतील, त्यांचा कित्ता नको.

ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचाच मागवा. 120 व्होल्टचा थेट लावलात तर जळेल. थ्री-पिन आणि पक्कं अर्थिंग हवंच. पहिल्यांदा सिरीज बल्बमधून चालू करा, तेही एखाद्या जुन्या रेडिओ मेकॅनिकला शेजारी बसवून. स्पीकर न जोडता कधीच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

रेडिओत ईएल84 असेल तर उपयोग नाही. चॅम्पला 6व्ही6 लागतो, पिनाच जुळत नाहीत. ईसीसी83 निघाला तर चालेल, तो 12एएक्स7च. पण रेडिओ चालू असेल तर कशाला मोडता?