लग्नकार्यासाठी घरची फुले

पुणे शहराभोवतालच्या हवेली, पुरंदर, दौंड व मावळ या तालुक्यांतील फुले गुलटेकडीच्या मार्केट यार्डात विक्रीस येतात. ती पिकविणारा शेतकरी आपल्या मुलीचे लग्न शहरातील मंगल कार्यालयात करतो, तेव्हा मोठा विलक्षण व्यवहार घडतो. जो झेंडू त्याने वजनावर विकला, तोच तोरणे व हार होऊन त्याच्या मांडवात परत येतो आणि त्याचे मोल कित्येक पटींनी वाढलेले असते. यात फुलाच्या किमतीपेक्षा गुंफण्याची, वाहतुकीची व सजावटीची मजुरीच अधिक असते. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने ही मजुरी घरच्या हातांनी वाचविली, तर कर्जाचा भार तेवढा कमी होईल.

थोड्या खर्चातील विवाह पुण्याला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याला हे आडनाव फुलांच्या व्यवसायावरूनच मिळाले. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला व त्याच वर्षी २५ डिसेंबरला समाजाच्या पद्धतीचा पहिला विवाह अगदी अल्प खर्चात पार पडला.

प्रथम तिथी, मग फूल

फुलाची निवड आवडीवर नव्हे, तर लग्नाच्या महिन्यावर अवलंबून ठेवावी. तुळशीच्या लग्नानंतर माघापर्यंतच्या तिथींसाठी झेंडू, शेवंती, अॅस्टर व गुलाब ही फुले उत्तम येतात. शेवंतीला कळी धरण्यास लहान दिवस लागतात. म्हणून ती उन्हाळ्यातील लग्नासाठी उघड्या शेतात धरू नये. चैत्र-वैशाखातील लग्नासाठी मोगरा, गुलछडी व गलांडा ही फुले विश्वासाची आहेत. अॅस्टरमध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले गणेश व्हाईट, फुले गणेश पिंक इत्यादी वाण आणि गुलछडीत फुले रजनी हा वाण निवडण्याजोगा आहे.

दिवस उलटे मोजावेत

तिथी निश्चित होताच त्या दिवसापासून मागे मोजणी करावी. उदाहरणार्थ, लग्न १० डिसेंबरला आहे असे समजू. झेंडूचे रोप २५ ते ३० दिवसांत लागवडीस येते व लवकर येणाऱ्या संकरित वाणांस त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी फुले लागतात. झाडे ऐन बहरात हवीत, म्हणून १०० दिवस आधी, म्हणजे १ सप्टेंबरच्या सुमारास, बी पेरावे. अॅस्टरसाठी सुमारे १२० दिवस धरावेत. त्याचे बी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पडले पाहिजे. अॅस्टरच्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते, याकरिता दरवर्षी ताजे बीच वापरावे. गुलाबाची छाटणी सुमारे ४५ दिवस आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात करावी.

झेंडूचा शेंडा खुडल्याने फांद्या व फुले वाढतात, परंतु बहर काही दिवस पुढे जातो. सबब खुडणी लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांत उरकावी. तो काळ टळल्यास करूच नये. सर्व बी एकाच दिवशी न पेरता दहा दिवसांच्या अंतराने दोन वेळा पेरावे. पाऊस लांबला किंवा थंडी वाढली, तरी दोहोंपैकी एक लागवड हाती लागते.

किती रोपे लावावीत?

अंदाज फुलांच्या संख्येवरून बांधावा. झेंडूचे मध्यम फूल देठाच्या बाजूने ओवले असता एका मीटर माळेस सुमारे २५ फुले लागतात. दारे, खांब व बोहले यांसाठी २० मीटर माळ हवी असेल, तर ५०० फुले झाली. एका झाडावर एका वेळी तोडण्याजोगी चार फुले धरल्यास १२५ झाडे लागतील. मर व कीड यांसाठी भर घालून १६० रोपे लावावीत. ४५ × ३० सेंटिमीटर अंतराने ती पाव गुंठ्यात मावतात. शेत नसलेल्या शहरवासी कुटुंबाने गच्चीवरील कुंड्यांतून वेण्या व हारांपुरती फुले घ्यावीत. मांडवाची फुले गावच्या आप्तांकडे लावावीत.

तोडणी व गुंफण

आदल्या संध्याकाळी पाणी देऊन सकाळी ऊन चढण्यापूर्वी फुले तोडावीत. झेंडू पूर्ण उमललेला, तर मोगरा टपोऱ्या कळीच्या अवस्थेत तोडावा. गुलछडीच्या दांड्या खालची एक-दोन फुले उमलताच कापून लगेच पाण्यात ठेवाव्यात. तोडलेली फुले बांबूच्या टोपलीत सैल भरून सावलीत ठेवावीत. ओली फुले प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून भरल्यास आतील उष्णतेने ती काळी पडतात.

झेंडूच्या माळा आदल्या संध्याकाळी जाड सुती दोऱ्यात ओवाव्यात. मोगऱ्याचे गजरे व वेण्या लग्नाच्या दिवशीच केळीच्या ओल्या सोपटाने बांधून ओलसर फडक्यात गुंडाळाव्यात. आंब्याचे टाळे व केळीचे खांब आदल्या दिवशी आणावेत. फुले केसांत माळली जातात व गळ्यात घातली जातात. म्हणून कळ्या दिसू लागल्यावर विषारी औषधे फवारू नयेत.

विकत काय घ्यावे?

सर्वच घरी करण्याचा हट्ट धरू नये. वधूवरांच्या हारांसाठी निवडक गुलाब बाजारातून आणावेत. दाट तिथींना दर चढतात, म्हणून व्यापाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील लग्नघरांची यादी करून सामाईक रोपवाटिका घालण्यास उत्तेजन द्यावे. एकाच वाफ्यातील रोपे चार घरांना पुरतील, तर गुंफण्याचे काम शेजारच्या आयाबाया आळीपाळीने करतील. अशा रीतीने फुले घरची होतील व त्यांसाठी कोणास सावकाराचे दार गाठावे लागणार नाही.