पाकीट उघडा, चाचणी करा, परत पाठवा



कार्यक्रमपत्रिका आणि देणगीदारांची यादी यांच्यामध्ये शौचाच्या चाचणीवर लेख पाहून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण यंदाचा निधी आपण आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी जमवतो आहोत, आणि नुसते पाउंड देऊन आपलं काम संपत नाही. आपण प्रत्येकाने करण्यासारखी एक गोष्ट आहे. तिला एक पेनीही लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. एन.एच.एस.कडून घरी येणाऱ्या पाकिटातली चाचणी करायची आणि ती परत पाठवायची, एवढंच.

हा आजार आणि ही तपासणी

ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे ४४,००० लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर असल्याचं निदान होतं. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरखालोखाल याचाच क्रमांक लागतो. पण हा आजार बहुधा एकाएकी होत नाही. आधी आतड्याच्या आतल्या अस्तरावर लहानशी वाढ होते. तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात, पण काहींचं बऱ्याच वर्षांनी कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. या काळात त्यातून मधूनमधून रक्त झिरपतं, मात्र इतकं थोडं की डोळ्यांना दिसत नाही. चाचणी नेमकं तेच शोधते.

लवकर सापडण्याला किती महत्त्व आहे पाहा. पहिल्या टप्प्यात निदान झालेल्या दहांपैकी नऊ किंवा अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. चौथ्या टप्प्यात हे प्रमाण दहांत जेमतेम एक इतकं खाली येतं.

अशा तपासणीचा उपयोग नॉटिंगहॅम परिसरातल्या सुमारे दीड लाख लोकांच्या अभ्यासात दिसून आला. १९९६ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना तपासणीसाठी बोलावलं होतं, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले होते. आणि या गटात, बोलावूनही ज्यांनी चाचणी केलीच नाही असे लोकही धरलेले आहेत!

पुढे २००० साली कॉव्हेंट्री-वॉरिकशर आणि स्कॉटलंडच्या काही भागांत प्रयोग झाला आणि २००६ पासून इंग्लंडमध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला तो ६० ते ६९ वयासाठी होता. २०१० पासून वरची मर्यादा ७४ कडे नेली गेली आणि २०२१ पासून खालची टप्प्याटप्प्याने ५० पर्यंत आणली गेली. आता इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या, जी.पी.कडे नाव असलेल्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी हे पाकीट येतं. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कार्यक्रम वेगळे आहेत. तिथल्या सभासदांनी आपले नियम पाहावेत.

पाकिटं परत किती येतात?

सरकारने पाकीट पाठवलं म्हणजे तपासणी झाली असं नाही. इंग्लंडमधल्या पहिल्या सुमारे २६ लाख आमंत्रणांचा हिशेब झाला तेव्हा प्रतिसाद होता ५४ टक्के. सुखवस्तू भागांत ६१ टक्के आणि सर्वांत गरीब भागांत फक्त ३५ टक्के. ज्या वस्त्यांत वेगवेगळ्या वंशांचे लोक सर्वांत जास्त राहतात, तिथे ३८ टक्के. कॉव्हेंट्रीच्या प्रयोगातही दक्षिण आशियाई कुटुंबांचा प्रतिसाद इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. म्हणजे चाचणी फुकट, घरपोच, आणि तरीही आपली माणसं मागे.

लोक नुसते बेफिकीर आहेत असंही नाही. जुनी चाचणी किचकट होती. तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचाचे प्रत्येकी दोन नमुने पुठ्ठ्याच्या कार्डावर लावावे लागत. २०१४ मध्ये एकाच नमुन्याची नवी चाचणी, म्हणजे 'फिट', करून पाहिली. प्रतिसाद ५९ वरून ६६ टक्क्यांवर गेला. पूर्वी ज्यांनी कधीच पाकीट परत पाठवलं नव्हतं, त्यांच्यात तो जवळजवळ दुप्पट झाला. जून २०१९ पासून इंग्लंडभर हीच चाचणी आहे. काम सोपं केलं की माणसं करतात. आता उरली आहे ती मनातली अडचण.

आपल्या मनातली कारणं

*"मला काही त्रास नाही."* ही तपासणी त्रास नसलेल्यांसाठीच आहे. दुखणं अंगावर काढायची आपली सवय जुनी आहे, पण इथे अंगावर काढण्यासारखं काही जाणवतच नाही.

*"आम्ही शाकाहारी, घरचं जेवतो."* उत्तमच! लाल आणि प्रक्रिया केलेल्या मांसाने धोका वाढतो हे खरं, पण वय आणि आनुवंशिकता शाकाहाऱ्यांनाही सोडत नाहीत.

*"मूळव्याध आहे, रक्त त्याचंच."* असेलही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

*"शी! ते कोण करणार?"* मुलांचे लंगोट बदलताना आणि आजारी सासू-सासऱ्यांची सेवा करताना आपण नाक मुरडलं नाही. स्वतःसाठी दोन मिनिटं मुरडायला हरकत नाही.

*"नसतं काही निघालं तर?"* न पाहिल्याने ते नाहीसं होत नाही. उलट पॉलिप वेळेवर काढला तर कॅन्सर होण्याआधीच टळू शकतो.

आणखी एक कारण आहे. भारतात वाढलेल्या आपल्या पिढीला असं पत्र घरी येण्याची सवयच नाही. तिथे आतड्याच्या कॅन्सरसाठी अशी टपालाने होणारी राष्ट्रीय तपासणी नाही. त्यामुळे हे पाकीट जाहिरातींच्या ढिगाबरोबर रद्दीत जातं.

चाचणी कशी करायची?

१. आधी पत्र येतं, मग पाकीट. आतली छोटी बाटली बघून ठेवा. तिच्या झाकणाला काडी असते.

२. शौच पाण्यात पडू देऊ नका. स्वच्छ, टाकून देता येईल असा डबा वापरा किंवा टॉयलेट पेपरचे थर अंथरा.

३. काडीचं टोक शौचावरून फिरवा. टोकावरच्या खाचा भरल्या की पुरे. जास्त नको.

४. काडी बाटलीत घालून झाकण घट्ट लावा. पुन्हा उघडू नका.

५. बाटलीवर तारीख लिहा आणि सोबतच्या पाकिटातून लवकरात लवकर टपालात टाका. तिकीट लावायचं नाही.

यासाठी उपास नको, पथ्य नको. उत्तर साधारण दोन आठवड्यांत येतं.

उत्तर आल्यावर

शंभरांपैकी सुमारे ९८ जणांना पुढच्या तपासणीची गरज नसते. उरलेल्यांना कोलोनोस्कोपीबद्दल बोलायला बोलावतात. म्हणजे बारीक लवचीक नळीने आतडं आतून पाहणं. बोलावणं आलं म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, बहुतेकांना तो नसतो. पॉलिप दिसला तर तो बहुधा तिथल्या तिथे काढतात. रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडणं असे धोके क्वचित संभवतात, ते आधी समजावून सांगतात.

मात्र कोणतीही चाचणी शंभर टक्के अचूक नसते. उत्तर चांगलं आलं तरी शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, कारणाशिवाय वजन घटणं, सततचा थकवा, पोटात दुखणं किंवा गाठ लागणं, यांपैकी काही दिसलं तर वय कितीही असो, जी.पी.कडे जा. पाकिटाची वाट पाहू नका. डेम डेबोरा जेम्स यांना हा कॅन्सर झाला तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या. २०२२ मध्ये त्या गेल्या, पण जाण्याआधी त्यांनी साऱ्या देशाला या विषयावर मोकळेपणाने बोलायला लावलं.

आपण काय करू शकतो?

घर बदललं असेल तर जी.पी.कडे नवा पत्ता द्या, कारण पाकीट त्याच पत्त्यावर जातं. इथे स्थायिक झालेल्या आई-बाबांना पत्र मराठीत समजावून सांगा. पाकीट हरवलं असेल तर इंग्लंडमधली मोफत हेल्पलाइन ०८०० ७०७ ६० ६० वर फोन करून नवं मागवा. ७५ किंवा त्याहून अधिक वयाच्या मंडळींनाही तिथूनच मागवता येतं. आणि भिशीत, भजनात, क्रिकेटच्या मैदानावर एकमेकांना सरळ विचारा, "तुमचं पाकीट पाठवलंत का?"

देणगीचं पाकीट आपण आज सढळ हाताने भराल याची आम्हाला खात्री आहे. घरी कपाटावर पडून असलेलं दुसरं पाकीटही या आठवड्यात टपालात टाका, एवढीच आग्रहाची विनंती.