सुटकेआधी मागायची चिठ्ठी

कोलकात्याच्या दमदम मध्यवर्ती कारागृहातून मार्च २०२१मध्ये सत्तरीच्या आसपासचा एक माणूस बाहेर पडला. न्यायालयाच्या कागदांत त्याचे नाव दीपक जोशी. मूळ गाव नेपाळच्या इलाम जिल्ह्यात. मे १९८०मध्ये दार्जिलिंगला खुनाच्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि त्यानंतर चाळीस वर्षे तो कच्चा कैदीच राहिला. खटला समजण्याइतके त्याचे मन ठिकाणावर आहे का, हे आधी ठरायला हवे होते. ते कुणी ठरवलेच नाही. अखेर आतल्याच एका कैद्याने बाहेर त्याच्याविषयी सांगितले, पश्चिम बंगालच्या हौशी (हॅम) रेडिओवाल्यांनी त्याचे घर शोधले आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा कुठे घरच्यांना तो मिळाला.

मनोरुग्ण असे तुरुंगात अडकून पडणे बंगालला नवे नव्हते. काहीही गुन्हा नसताना केवळ मनोरुग्ण म्हणून माणसांना तिथल्या तुरुंगांत ठेवले जात होते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९९३मध्ये न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. तरीही तुरुंगातले उपचार आणि बाहेरचे उपचार यांच्यातली फट आजही तितकीच रुंद आहे, आणि माणूस पडतो तो तिथेच.

माझ्या आतेभावाच्या बाबतीत ती फट आम्ही जवळून पाहिली. जामिनाचा आदेश दुपारी झाला, तो तुरुंगात पोहोचेपर्यंत संध्याकाळ. दारात सही घेऊन त्याचे कपडे, पाकीट, घड्याळ परत दिले. रोज रात्री मिळणाऱ्या गोळ्यांचे नाव मात्र कुणाला सांगता येईना. डॉक्टर घरी गेलेले. भाऊ म्हणाला, “एक पांढरी, अर्धी पिवळी.” थोड्याच दिवसांत त्याची झोप उडाली. जिन्यावर पाऊल वाजले की तो कडी तपासायला धावे. बाहेरच्या डॉक्टरांना सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागले.

म्हणून ज्यांचा माणूस तुरुंगात आहे, त्यांनी सुटकेची वाट न पाहता भेटीतच औषधांची चौकशी करावी. जामिनाच्या अर्जासोबत वकिलाकडून आणखी एक विनंती करून घ्यावी : सुटतेवेळी उपचारांच्या नोंदींची प्रत आणि काही दिवस पुरतील इतक्या गोळ्या मिळाव्यात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तो मोफत मिळतो. मनोविकारांची काही औषधे एकदम बंद करणे धोक्याचे असते; झोपेच्या काही गोळ्या अचानक थांबल्या तर फिट येऊ शकते. “आता घरी आलाय, औषध कशाला?” असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आधीच समजावलेले बरे.

दुसरा कागद आणखी सोपा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून रुग्ण आपला प्रतिनिधी नेमू शकतो. माणूस बरा असतानाच हे करून ठेवावे. मनोरुग्णालयातून घरी सोडताना पुढच्या उपचारांची आखणी रुग्णाशी आणि या प्रतिनिधीशी बोलून करणे त्याच कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. तुरुंगाच्या दारातून थेट घरी येणाऱ्यासाठी असा काटेकोर नियम हवा, आणि तो मागण्याचा हक्क कुटुंबांना आहे असे मला ठामपणे वाटते.

बाहेरच्या डॉक्टरांची वेळ शक्यतो सुटकेआधीच ठरवावी. कोलकात्यात पाव्हलोव्ह आणि लुंबिनी पार्क ही सरकारी मनोरुग्णालये आहेत. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. ज्यांना घरच उरले नाही, त्यांची अडचण सर्वांत मोठी. त्यांच्यासाठी रत्नाबली रे यांची ‘अंजली’ ही संस्था सरकारी मनोरुग्णालयांत काम करते, तर रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी ‘ईश्वर संकल्प’. आतल्या माणसाला भेटायला कुणीच येत नसेल, तर अशा संस्थेचे नाव त्याच्या वकिलाच्या कानावर सुटकेआधी घालावे.