अवकाशात किती वाजले?



सूर्य उगवला की दिवस आणि मावळला की रात्र. आपल्या गावात हे अगदी बरोबर आहे. पण यानात बसून या ग्रहावरून त्या ग्रहावर जाणाऱ्याने घड्याळ कोणते लावायचे? आजकाल मोबाईलवर आणि संगणकावर यानांचे खेळ निघाले आहेत. ते खेळताना हा प्रश्न पडतोच. त्याची माहिती या लेखात दिली आहे.

पहिल्यांदा आपल्या देशाचे बघू. सूर्य पूर्वेकडे आधी उगवतो. नागपूरला सूर्याची दुपार मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होते. तरी दोन्हीकडच्या घड्याळात वेळ एकच. १९०६ साली भारताची प्रमाण वेळ ठरली. मुंबईने मात्र आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत चालवली. ती ३९ मिनिटे मागे होती. मग गाडी पकडणाऱ्याने आधी विचारायचे, हे साडेदहा कुणाचे? यावरून समजते की दिवस सूर्य करतो, पण घड्याळातली वेळ माणसे मिळून ठरवतात.

आता वर जाऊ. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीभोवती सुमारे ९० मिनिटांत एक फेरी मारते. म्हणून तिथे एका दिवसात १६ वेळा सूर्य उगवतो. २०२५ साली आपले शुभांशु शुक्ला तिथे राहून आले. दर उजाडण्याला उठले असते तर झोप कधी झाली असती? म्हणून तिथे जागतिक प्रमाण वेळ पाळतात. ती आपल्या साडेपाच तास मागे आहे. तिथे सकाळचे ६ वाजतात तेव्हा आपले साडेअकरा झालेले असतात.

चंद्रावर उलटे आहे. तिथला एक दिवस-रात्र मिळून आपले साडेएकोणतीस दिवस होतात. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला, तेव्हा तिथे सकाळ होती. त्याला उन्हावर वीज मिळायची. म्हणून सारे काम सुमारे १४ दिवसांत उरकायचे होते. काम झाले. मग तिथली रात्र आली. ती फार थंड असते. त्यानंतर विक्रम पुन्हा जागा झाला नाही. तिथे वेळ म्हणजे जीवच होता.

मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा आहे. २०२१ साली अमेरिकेची पर्सिव्हरन्स गाडी तिथे उतरली. गाडीचे काम तिथल्या उजेडात चालते. म्हणून ती चालवणारे लोक सुरुवातीला मंगळाच्या वेळेने कामाला यायचे. आज सकाळी ८ ला, उद्या ८.४० ला, परवा ९.२० ला. असे करत करत १८ दिवसांनी रात्री ८ ला! म्हणजे घरची पोरे झोपायला निघाली की यांचे काम सुरू. मंगळाचे वर्षही आपल्या ६८७ दिवसांचे आहे. मला १० वर्षे पूर्ण झाली, पण मंगळावर मी जेमतेम पाच वर्षांची. मला चौथीतून उठवून बालवाडीत बसवतील!

आता खेळाकडे येऊ. ईव्ह ऑनलाइन नावाचा एक खेळ आहे. तो आइसलँड देशातल्या लोकांनी २००३ साली सुरू केला. त्यात हजारो ताऱ्यांचे एक जग आहे आणि निरनिराळ्या देशांतले लोक त्यात एकत्र खेळतात. त्या जगात जागतिक प्रमाण वेळच चालते. त्यामुळे 'रात्री ८ ला या' म्हटले की सर्वांना एकच ८ कळतात. मोठ्या लढाईत फार याने जमली की संगणकाला भार सोसत नाही. तेव्हा तिथला वेळच हळू करतात, अगदी दहाव्या भागापर्यंत. मग खेळातला १ सेकंद आपल्या १० सेकंदांएवढा होतो. तो लढाईतल्या सर्वांना सारखाच हळू होतो, म्हणून कुणावर अन्याय होत नाही. जानेवारी २०१४ मध्ये तिथली एक लढाई सुमारे २१ तास चालली होती.

हे सर्व पाहून मला वाटते की अवकाशाच्या खेळात तीन नियम हवेत.

१) प्रत्येक ग्रहाचे आपले एक घड्याळ हवे. कामाला केव्हा लागायचे, हे तिथल्या उजेडावर ठरते.

२) सर्व यानांसाठी एक सामाईक घड्याळ हवे. भेटायची वेळ त्यावरच सांगायची.

३) निरोपावर पाठवल्याची वेळ लिहायची. पृथ्वीवरून मंगळावर संदेश जायला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त सुमारे २२ मिनिटे लागतात. आपले 'आत्ता' तिकडे उशिरा पोचते.

दोन घड्याळे सांभाळणे अवघड नाही. आपल्या घरी भिंतीवर घड्याळ असते, तरी शेतातली माणसे सूर्य बघूनच भाकरी सोडतात.

सोडवा पाहू : अवकाश स्थानकात रात्रीचे साडेनऊ वाजले. आपल्या गावात किती वाजले असतील? मंगळाचे घड्याळ रोज ४० मिनिटे मागे पडते, तर किती दिवसांनी ते पूर्ण २४ तास मागे पडेल?

(उत्तरे : पहाटेचे ३ ; ३६ दिवसांनी)

— इयत्ता ४ थी